पाच सेंटांचे विद्यापीठ

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक अख्खे पान नुसत्या यादीने भरलेले असे. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. बारीक टायपात शेकडो पुस्तकांची नावे आणि प्रत्येक नावापुढे एक क्रमांक. प्लेटो, शेक्सपिअर, ओमर खय्याम, आणि त्यांच्याच रांगेत उत्क्रांतिवादाची ओळख, स्वतःचे स्वतः स्पॅनिश कसे शिकावे, घरी मिठाई कशी करावी. कोणतेही पुस्तक घ्या, किंमत पाच सेंट. एका वेळी निदान वीस घ्यायची, म्हणजे बरोबर एक डॉलर. वाचकाने हव्या त्या पुस्तकांचे क्रमांक कागदावर लिहायचे, डॉलरची नोट पाकिटात घालायची आणि वर पत्ता लिहायचा : गिरार्ड, कॅन्सस.

गिरार्ड हे कॅन्ससच्या आग्नेय कोपऱ्यातले, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातले लहानसे गाव. वस्ती दोन-तीन हजारांची. पुस्तकांचा व्यवसाय न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांत चालत असे. तरीही गिरार्डच्या प्रकाशकाने १९२८ साली आपल्या व्यवसायावर एक पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘द फर्स्ट हंड्रेड मिलियन’. पहिल्या दहा कोटी प्रती विकून झाल्या होत्या आणि ते पुस्तक त्यांचा हिशेब होता. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या बारा कोटींच्या आसपास होती.

या पुस्तिकांचे नाव ‘लिटल ब्लू बुक्स’ आणि प्रकाशक इमॅन्युएल हॉल्डमन-ज्युलियस. त्यांची गोष्ट वरवर स्वस्त छपाईची आहे. पण तिच्या मुळाशी एक विश्वास आहे : शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसालाही स्पिनोझा काय म्हणतो हे जाणून घ्यायचे असते, आणि ते त्याला साठेक पृष्ठांत, त्याची अक्कल न काढता सांगता येते. हा विश्वास कुठे खरा ठरला आणि कुठे त्याला मुरड पडली, दोन्ही पाहण्यासारखे आहे.

बाकावरचे वाचन

इमॅन्युएल ज्युलियसचा जन्म ३० जुलै १८८९ रोजी फिलाडेल्फियात झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले ज्यू. वडील पुस्तकबांधणीचे काम करत. घरात पैशाची ओढाताण, त्यामुळे मुलाची शाळा लवकरच सुटली. पुढचे शिक्षण त्याने वाचनातूनच करून घेतले.

पंधरा वर्षांचा असताना त्याने दहा सेंटांना ऑस्कर वाइल्डच्या ‘द बॅलड ऑफ रेडिंग जेल’ या दीर्घ कवितेची एक पातळ पुस्तिका विकत घेतली. दिवस हिवाळ्याचे होते. तो बागेतल्या बाकावर बसला आणि पुस्तिका संपेपर्यंत उठलाच नाही. हात गारठून निळे पडले होते, पण ते त्याच्या लक्षातही आले नाही. अशी शेकडो पुस्तके इतक्याच स्वस्तात, इतक्याच सहज मिळाली तर किती बहार होईल, असा विचार त्याच बाकावर मनात आला, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

मोठेपणी तो समाजवादी वर्तमानपत्रांत काम करू लागला. मिलवॉकी, शिकागो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क असा फिरत फिरत १९१५ मध्ये तो गिरार्डला पोचला, तो ‘अपील टू रीझन’ या साप्ताहिकासाठी. हे साप्ताहिक अमेरिकन समाजवादी चळवळीचे सर्वांत मोठे मुखपत्र होते. अप्टन सिंक्लेअरची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी ‘द जंगल’ १९०५ मध्ये प्रथम इथेच क्रमशः आली. भरभराटीच्या काळात त्याचा खप पाच लाखांच्या वर गेला होता. पण संस्थापक ज्युलियस वेलंड यांनी १९१२ मध्ये आत्महत्या केली आणि पाठोपाठ महायुद्ध आले. युद्धाला पाठिंबा द्यायचा की नाही, यावरून चळवळीत फूट पडली. साप्ताहिक खंगत गेले.

गिरार्डला आल्यावर त्याचे मार्सेट हॉल्डमनशी लग्न झाले. मार्सेट ही शिकागोतल्या ‘हल हाउस’ या समाजसेवा केंद्राच्या संस्थापक जेन ॲडम्स यांची भाची. तिच्या घराण्याची गावात बँक होती. ती बँक तिच्या आईने चालवली होती आणि आईच्या मृत्यूनंतर मार्सेट तिच्या कारभारात आली. १९१६ मध्ये लग्न झाल्यावर दोघांनी एकमेकांची आडनावे जोडून घेतली. नवऱ्यानेही बायकोचे आडनाव आपल्या नावात घेणे त्या काळात विरळाच. १९१९ मध्ये ‘अपील’चा छापखाना विकायला निघाला, तेव्हा तो घेण्यासाठी लागलेल्या रकमेतला मोठा वाटा मार्सेटकडून आला. पाच सेंटांच्या विद्यापीठाचा पाया असा एका बाईच्या पैशावर आणि भरवशावर घातला गेला. पुढे तिने नवऱ्याबरोबर लेखनही केले. १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्या त्या आणि दुसऱ्या एका गाजलेल्या खटल्याचे मार्सेटने लिहिलेले वर्णन याच छापखान्यातून बाहेर पडले.

दोन पिना, चौसष्ट पृष्ठे

छापखाना हाती येताच हॉल्डमन-ज्युलियसने पहिली दोन पुस्तके काढली : ओमर खय्यामच्या रुबाया आणि बाकावर वाचलेली तीच वाइल्डची कविता. सुरुवातीची किंमत २५ सेंट होती. मग त्याने ‘अपील’च्या जुन्या वर्गणीदारांना पत्र लिहून योजना मांडली : पाच डॉलर आधी पाठवा, पन्नास पुस्तिका जसजशा छापल्या जातील तसतशा घरपोच येतील. पाच हजार वर्गणीदारांनी पैसे पाठवले. पंचवीस हजार डॉलर जमा झाले आणि ज्या मालिकेची बहुतेक पुस्तके अजून छापायची होती, तिचे वाचक आधीच तयार झाले.

छपाई वाढली तशी किंमत उतरली. २५ सेंटांवरून १०, आणि दहावरून ५. मालिकेचे नाव आणि वेष्टणाचा रंग दोन्ही काही काळ बदलत राहिले. १९२३ च्या सुमारास ‘लिटल ब्लू बुक’ हे नाव पक्के झाले.

पुस्तिका हातात घेतली तर ती साडेतीन इंच रुंद आणि पाच इंच उंच. निळसर जाड कागदाचे वेष्टण, त्यावर फक्त क्रमांक, नाव आणि लेखक. मधोमध दोन पिना. आतला कागद साधा, वर्तमानपत्राच्या जातीचा. पृष्ठे ३२, ६४, ९६ किंवा १२८, कारण एका मोठ्या तावातून बत्तीसच्या पटीत पृष्ठे निघत. बहुतेक पुस्तिका ६४ पृष्ठांच्या, म्हणजे सुमारे पंधरा हजार शब्दांच्या. खाणकामगाराच्या किंवा गवंड्याच्या सदऱ्याच्या खिशात ती मावे. जेवणाच्या सुट्टीत चार पाने वाचून पुन्हा खिशात टाकता येई, आणि मळली, फाटली तरी पाच सेंटांचेच नुकसान.

स्वस्ताईचे गणित सरळ होते. आकार एक, वेष्टण एक, टाइप एक, त्यामुळे यंत्राला दर पुस्तकासाठी नव्याने जुळवणी लागत नसे. जुन्या अभिजात साहित्यावर कोणाचा हक्क उरला नव्हता, म्हणून मानधनाचा प्रश्न नव्हता. नव्या लेखकांना ठरावीक रक्कम एकदाच मिळे. दुकानदाराचे कमिशन नव्हते, कारण माल थेट टपालाने जाई. आणि निदान वीस पुस्तकांची अट असल्याने एका पुडक्याचा खर्च वीस पुस्तकांत विभागला जाई. हॉल्डमन-ज्युलियसला लोक साहित्यातला हेन्री फोर्ड म्हणू लागले ते यामुळेच.

वीसच्या अटीचा आणखी एक परिणाम झाला. गिऱ्हाईक आठ-दहा पुस्तके नक्की ठरवून बसे, पण डॉलर पुरा करण्यासाठी यादीतून आणखी दहा क्रमांक शोधावे लागत. मग ज्याचे कधी नावही ऐकले नाही असा एखादा लेखक घेतला जाई. पाच सेंटच तर, पाहू या काय म्हणतो. दोन डॉलरचे पुस्तक घेताना सामान्य वाचक ओळखीच्या नावाकडेच वळतो. पाच सेंटांत तो धोका पत्करतो, आणि कुतूहल वाढते ते अशा धोक्यावरच. स्वस्त पुस्तकाचे खरे मोल बचतीपेक्षा या मोकळिकीत जास्त आहे.

टपालाचाही असाच फायदा झाला. देवाच्या अस्तित्वाबद्दल मनात शंका असलेला शेतकरी किंवा स्वतःच्या शरीराबद्दल काहीच न कळलेली तरुण मुलगी गावातल्या दुकानात जाऊन तसले पुस्तक मागू शकत नव्हती. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांचे ‘व्हॉट एव्हरी गर्ल शुड नो’ हे लेखन याच मालिकेत होते. तेच लेखन न्यूयॉर्कच्या एका समाजवादी दैनिकात येत असताना १९१३ मध्ये टपाल खात्याने त्यावर बंदी घातली होती. गिरार्डच्या पुडक्यात मात्र ते प्लेटो आणि मिठाईच्या कृतींच्या मधोमध बसून घरोघरी पोचले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागला नाही. लैंगिक ज्ञानाची पुस्तके मालिकेत सर्वाधिक खपणाऱ्यांत होती. कारण उघड आहे : लोकांना ज्याची गरज होती ते त्यांना दुसरे कोणी सांगत नव्हते.

चर्चबाहेरची पाटी

या मालिकेतून निघालेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र एका योगायोगाने घडली. १९२२ च्या सुमारास हॉल्डमन-ज्युलियस न्यूयॉर्कमध्ये होता. रविवारी दुपारी चौदाव्या रस्त्यावरून जाताना ‘लेबर टेम्पल’च्या दारावरची पाटी त्याने वाचली : पाच वाजता विल ड्युरंट यांचे प्लेटोवर व्याख्यान. लेबर टेम्पल हे प्रेसबिटेरियन चर्चने कामगारांसाठी चालवलेले केंद्र होते. तो आत जाऊन बसला.

ड्युरंट तेव्हा सदतिशीच्या आसपासचे होते. मॅसॅच्युसेट्सच्या एका फ्रेंच-कॅनडियन कॅथलिक कुटुंबात जन्म, धर्मगुरू होण्यासाठी घेतलेले आणि मध्येच सोडलेले शिक्षण, मग समाजवाद, मग कोलंबिया विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट. १९१४ पासून ते लेबर टेम्पलमध्ये शिकवत होते. समोर बसणारे बहुतेक कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे स्थलांतरित कामगार. दिवसभर कामाला जुंपलेल्या माणसाला संध्याकाळी ॲरिस्टॉटल समजावून द्यायचा, तर भाषेचा फुलोरा चालत नाही आणि विषयाचे पाणी करूनही चालत नाही. कंटाळला तर तो उठून जातो. कळले नाही तर हात वर करून विचारतो, आणि पटले नाही तर भांडतो. ड्युरंट यांची लेखणी या श्रोत्यांसमोर घडली.

हॉल्डमन-ज्युलियसने गिरार्डला परतल्यावर पत्र लिहिले : प्लेटोवरचे ते व्याख्यान माझ्यासाठी पुस्तिकेच्या रूपात लिहून द्या. ड्युरंट यांनी कामाच्या व्यापामुळे नकार दिला. मग दुसरे पत्र आले आणि त्यात आगाऊ मानधनाचा धनादेश होता. शिक्षकाच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला तो परत पाठवणे जड गेले. प्लेटो लिहून झाला, तशी ॲरिस्टॉटलची मागणी आली. मग बेकन, स्पिनोझा, व्हॉल्टेअर, कांट, शोपेनहॉवर, स्पेन्सर, नित्शे आणि शेवटी समकालीन युरोपीय व अमेरिकन तत्त्वज्ञ. एकूण अकरा पुस्तिका झाल्या.

त्या एकत्र करून १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या दोनच वर्षांच्या प्रकाशनसंस्थेने ‘द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी’ काढले. तत्त्वज्ञानाचे पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत जाईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण ते खपत राहिले आणि अनेक भाषांत गेले. शंभर वर्षे होत आली तरी ते आजही छापले जाते.

विद्वानांनी त्यावर टीका केली आणि तिच्यातले काही आक्षेप खरे होते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान त्यात जवळजवळ नव्हते. भारत आणि चीन तर नव्हतेच. कांटसारखा अवघड विचारवंत इतका सुबोध झाला, की काहींना तो कांटच वाटेना. पण ड्युरंट यांनी केलेली एक गोष्ट या टीकेत झाकून गेली. त्यांनी तत्त्वज्ञानाला माणसांच्या आयुष्याशी जोडले. बहिष्कृत झालेला आणि भिंगे घासून पोट भरणारा स्पिनोझा आधी भेटतो आणि मग त्याचे नीतिशास्त्र येते. विचार कोणाच्या डोक्यात, कोणत्या अडचणीतून उगवला हे कळले, की तो विचार परका राहत नाही. शिवाय मूळ ग्रंथांतले कोणते भाग वाचावेत हेही ते वाचकाला सांगतात. पुस्तक वाचकाला स्वतःपाशी अडवून न ठेवता पुढे पाठवते.

त्या पुस्तकाच्या मिळकतीवर ड्युरंट यांनी शिकवण्याची नोकरी सोडली आणि पत्नी एरिएलच्या साथीने ‘द स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन’ला हात घातला. अकरा खंड, १९३५ ते १९७५. दहाव्या खंडाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. आधीच्या पुस्तकात पूर्वेकडचा विचार सुटला होता. या मालिकेचा पहिलाच खंड सगळा पूर्वेला दिला आणि त्यात भारताला मोठी जागा मिळाली. त्याच्या तयारीसाठी ते १९३० मध्ये भारतात आले होते. ब्रिटिश अमलाखालचे दारिद्र्य आणि उपासमार पाहून ते इतके अस्वस्थ झाले, की हातातले काम बाजूला ठेवून त्यांनी आधी ‘द केस फॉर इंडिया’ हे भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. मिठाच्या सत्याग्रहाच्याच वर्षी ते प्रसिद्ध झाले. गिरार्डहून आलेला तो आगाऊ धनादेश नसता तर हे सगळे कदाचित लेबर टेम्पलच्या वर्गातच राहिले असते.

पुस्तकांचे रुग्णालय

हॉल्डमन-ज्युलियस आदर्शवादी होता, तसाच हाडाचा व्यापारीही होता. वर्षाला दहा हजार प्रतींच्या खाली विक्री गेली, की ते पुस्तक त्याच्या भाषेत ‘हॉस्पिटल’मध्ये जाई. तिथे त्याची तपासणी होई. मजकूर चांगला असेल आणि तरी पुस्तक पडून राहत असेल, तर दोष नावात असणार, हे त्याचे निदान ठरलेले होते. यादीतल्या एका ओळीवर वाचकाची नजर क्षणभरच ठरते आणि त्या क्षणात पुस्तकाने स्वतःबद्दल सांगायचे असते. मग नाव बदलून ते पुन्हा यादीत घातले जाई. तरीही उठले नाही, तर त्याची रवानगी शवागारात.

या नामांतराच्या दोन कहाण्या शेजारी ठेवून पाहिल्या, की त्या धंद्याच्या दोन्ही बाजू कळतात.

पहिली आहे तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाच्या ‘द फ्लीस ऑफ गोल्ड’ या कथेची. १९२५ मध्ये तिच्या सहा हजार प्रती गेल्या. पुढच्या वर्षी नाव बदलले, ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचे, आणि प्रती गेल्या पन्नास हजार. ऐकताना हा सवंगपणा वाटतो. पण कथा काय आहे ? रुबेन्सच्या चित्रांनी भारावलेला एक तरुण सोनेरी केसांची स्त्री शोधत अँटवर्पला जातो आणि तिथे चित्रातल्या मेरी मॅग्डलीनच्याच प्रेमात पडतो. नवे नाव कथेशी इमान राखून होते. जुने नाव मात्र ग्रीक पुराणातली सोनेरी लोकरीची गोष्ट माहीत असलेल्यांसाठीच होते. कॅन्ससच्या शेतकऱ्याला ते दार बंदच होते. प्रकाशकाने ते उघडले, एवढेच.

दुसरी शोपेनहॉवरच्या वादविवादावरच्या निबंधाची. ‘द आर्ट ऑफ कॉन्ट्रोव्हर्सी’ या नावाने तो पडून होता. ‘हाउ टू आर्ग्यू लॉजिकली’, म्हणजे ‘तर्कशुद्ध वाद कसा घालावा’, असे नाव देताच तीस हजार प्रती गेल्या. इथे मात्र वाचकाची फसगत झाली. आपली बाजू खरी असो की खोटी, वादात जिंकायचे कसे, याच्या क्लृप्त्या त्या निबंधात आहेत. सत्याचा शोध आणि वादातला विजय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच शोपेनहॉवरला दाखवायचे होते. तर्कशुद्धता शिकायला आलेल्या वाचकाच्या हाती तर्कातल्या लबाड्यांची यादी पडली.

नाव बदलण्याची युक्ती एकच होती. एका ठिकाणी तिने वाचकाला पुस्तकापर्यंत नेले आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तकाबद्दल खोटे सांगितले. आज जे जे मोठ्या ग्रंथांची थोडक्यात ओळख करून देतात, त्यांच्यापुढे हीच कसोटी आहे. आकर्षक नाव देण्यात गैर काही नाही. ते आतल्या मजकुराशी प्रामाणिक आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कात्रीबद्दलही तेच म्हणावे लागेल. ठरलेल्या पृष्ठांत बसवण्यासाठी मोठमोठी पुस्तके छाटली जात. कधी छाटणीने पुस्तकाचा गाभा उजळला, तर कधी नुसता सांगाडा उरला. ड्युरंट यांच्या पुस्तिका टिकल्या आणि अनेक संक्षेप विस्मृतीत गेले, याचे कारण या फरकात आहे. ड्युरंट यांनी विषय पचवून स्वतःच्या शब्दांत नव्याने सांगितला होता.

वाचक कोण होते

‘वेस्टर्न’ म्हणजे काउबॉयांच्या कथांसाठी पुढे जगभर प्रसिद्ध झालेला लेखक लुई लामूर पंधराव्या वर्षी शाळा सोडून मजुरी करत भटकत होता. मालगाडीत बसून एल पासोहून निघालेला असताना दुसरा एक भटक्या लिटल ब्लू बुक वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने ती याच्या हाती दिली. लामूरने आपल्या आत्मकथनात या भेटीची कृतज्ञतेने नोंद केली आहे. पुस्तकाला ना ग्रंथालयाचा शिक्का, ना परतीची तारीख. हातातून हातात जाण्यासाठीच ते जन्मले होते. म्हणून दहा कोटी प्रतींचे वाचक दहा कोटींपेक्षा कितीतरी जास्त असणार.

मालिकेतली पुस्तके शेवटी दोन हजारांच्या घरात गेली. बर्ट्रांड रसेल यांचे लेखन त्यात होते. ख्रिस्ती मठ सोडून विवेकवादी झालेले इंग्रज लेखक जोसेफ मकेब यांनी तर एकट्याने शंभराहून अधिक पुस्तिका लिहिल्या, धर्माच्या इतिहासापासून विज्ञानापर्यंत. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना जोरात असताना तिचे अंतरंग उघडे करणारी पुस्तिकाही गिरार्डहून निघाली. मालक स्वतः नास्तिक होता आणि समाजवादीही, आणि ते त्याने कधी लपवले नाही. पण त्याच यादीत बायबलमधले निवडक भाग, शेक्सपिअरची नाटके आणि लहान मुलांच्या परीकथाही होत्या. निवड त्याने वाचकावर सोडली होती.

उतार

महामंदीत वाचकाजवळचा डॉलर दुर्मिळ झाला. १९३९ मध्ये ‘पॉकेट बुक्स’ ही २५ सेंटांची रंगीत वेष्टणाची पुस्तके औषधांच्या दुकानांत आणि रेल्वे स्टेशनांवर दिसू लागली. त्या उपक्रमातले भागीदार होते सायमन आणि शुस्टर, ज्यांचे नशीब गिरार्डच्या अकरा पुस्तिकांनी उजळले होते. स्वस्त पुस्तकाला बाजार आहे हे हॉल्डमन-ज्युलियसने सिद्ध केले होते आणि त्या बाजारात आता त्याच्याहून देखणा माल आला होता. मार्सेट १९४१ मध्ये वारली. युद्धानंतरच्या साम्यवादविरोधी वातावरणात त्याच्या जाहिराती घ्यायला वर्तमानपत्रे का-कू करू लागली. तरी त्याने १९४८ मध्ये एफबीआय आणि तिचे प्रमुख एडगर हूवर यांच्या कार्यपद्धतीवर कडक टीका करणारे पुस्तक छापले. १९५१ च्या जूनमध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद आणि साडेबारा हजार डॉलर दंड झाला. शिक्षा भोगण्याची वेळ आलीच नाही. ३१ जुलैला, बासष्टाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, घराच्या पोहण्याच्या तलावात बुडून त्याचा मृत्यू झाला.

मुलगा हेन्रीने छापखाना चालू ठेवला. ४ जुलै १९७८ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीत, छापखान्याला आग लागली आणि सगळे जळून गेले. तोवर विकलेल्या प्रतींची संख्या तीस कोटींच्या पुढे गेली होती. काही अंदाज पन्नास कोटींपर्यंत जातात.

पुढचे धागे

ही कल्पना एकट्या गिरार्डची नव्हती. जर्मनीत रेक्लाम या प्रकाशनाने १८६७ मध्येच गटेच्या ‘फाउस्ट’पासून स्वस्त अभिजात ग्रंथांची माला सुरू केली होती. इंग्लंडमध्ये ॲलन लेनने १९३५ मध्ये सहा पेन्सांची पेंग्विन पुस्तके काढली आणि १९३७ मध्ये ज्ञानविषयांची ‘पेलिकन’ माला. तिच्या पहिल्या संपादकांत लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे व्ही. के. कृष्ण मेनन होते, आणि पहिले पुस्तक होते बर्नार्ड शॉ यांचे. फ्रान्समध्ये १९४१ पासून ‘क सेज’, म्हणजे ‘मला काय ठाऊक आहे ?’, ही १२८ पृष्ठांची माला चालू आहे. ऑक्सफर्डने १९९५ मध्ये ‘व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन्स’ सुरू केली. प्रत्येक पिढीला ही गरज नव्याने जाणवते, कारण ज्ञान वाढत जाते आणि माणसाचा दिवस चोवीस तासांचाच राहतो.

आज गिरार्डच्या पाच सेंटांहूनही स्वस्त, म्हणजे फुकट, पुस्तकसार सगळीकडे मिळतात. दहा मिनिटांत एक ग्रंथ संपवल्याचे समाधान त्यांतून मिळते. अशा वेळी लिटल ब्लू बुक्सचा धडा नीट समजून घ्यायला हवा. छोटे पुस्तक मोठ्या पुस्तकाच्या जागी बसू लागले, की ते वाचकाला खुजे करते. मोठ्या पुस्तकाकडे जायची उमेद दिली, की तेच वाचकाला उंच करते. ड्युरंट यांना हे साधले, कारण समोरच्या कामगाराला ते आपल्याइतकाच विचार करू शकणारा माणूस समजत होते. हॉल्डमन-ज्युलियसला साधले तेव्हा तेही याच कारणाने, आणि तो चुकला तेव्हा त्याने विक्रीचा आकडा वाचकाच्या आधी ठेवला होता. मराठीत आज कोणी थोर ग्रंथांची ओळख लिहायला बसत असेल, तर त्याने आपल्या वाचकाबद्दल हाच आदर मनात धरून लिहावे. विषय सोपा करावा, पण खरा ठेवावा. आणि शेवटच्या ओळीत वाचकाला मूळ ग्रंथाचे नाव सांगून त्या वाटेला लावावे.